जिप्सीची स्लो काही बसेना: फैजपूरच्या एका इंजेक्शन कन्व्हर्जनची पूर्ण केस

गाडी माझ्या मावसभावाची. फैजपूरच्या बाजूला केळीचं शेत आहे त्याचं, आणि जीव सगळा त्या १९९८ च्या जिप्सी किंगमध्ये. १३०० सीसी, कार्बोरेटरवालं इंजिन. कार्बोरेटरला कंटाळून त्याने इंजेक्शन करून घेतलं होतं: हवा सिलिंडरात नेणाऱ्या मॅनिफोल्डवर वेल्डिंगने चार बंग (इंजेक्टर बसायची भोकाची कडी) बसवले, त्यात इंजेक्टर, कार्बोरेटरच्या जागी अडॅप्टर प्लेट टाकून दुसऱ्या गाडीची थ्रॉटल बॉडी, क्रँक पुलीवर ३६ वजा १ दातांचं चाक (इंजिन फिरून कुठे आलं ते सांगणारं) आणि डोक्याला स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनो मेगावर चालणारा ओपन सोर्स ईसीयू, इंजिनचा कंप्युटर. इलेक्ट्रिक फॅनही तेव्हाच लावला. रस्त्यावर चालवायची म्हणून आरटीओचं बघावंच लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, इंजिनात बदल करायला परवानगी लागते, ते आधी बघा मग पाना हातात घ्या एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

काम झालं, गाडी पळायला एकदम मस्त, पिकअप तर कार्बोरेटरपेक्षा कितीतरी बरं. पण उभी राहीना, म्हणजे स्लो (पाय काढल्यावरचं आयडल) धरेना. सकाळी थंड असली की ॲक्सिलेटर दाबून धरल्याशिवाय चालू राहायची नाही, गरम झाली की ८०० वरून १५०० वर जायची, परत ८०० वर, दर दोन सेकंदाला, श्वास घेतल्यासारखी. आणि भुसावळच्या गर्दीत उभी असताना फॅन चालू झाला की बंद. भावाचा फोन आला तेव्हा त्याच्याच शब्दात, "भाऊ, ही तर म्हशीसारखी धापा टाकू राह्यली, आणि फॅन लागला का बंद पडते, काहून ते समजूनच नाही राह्यलं."

ज्यांनी पहिलं ट्यूनिंग केलं त्यांनी तीन वेळा मॅप, म्हणजे ईसीयूतले पेट्रोल-टायमिंगचे तक्ते, बदलून दिला होता. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

मी गेलो एप्रिलच्या एका रविवारी. पहिली गोष्ट केली ती म्हणजे लॅपटॉप जोडून काही न बदलता फक्त दहा मिनिटं लॉग घेतला. हे मी कायम करतो आणि सगळ्यांना सांगतो, आधी बघा, हात नंतर लावा. लॉगमध्ये दिसलं असं की आरपीएम वर जातो, त्याच्या मागून आयडल व्हॉल्व्ह (स्लोची हवा कमी-जास्त करणारा) बंद होतो, तेवढ्यात आरपीएम पडायला लागतो, मग व्हॉल्व्ह घाईघाईने उघडतो, आणि याच वेळी लॅम्डा सेन्सरचं (एक्झॉस्टमधून पेट्रोल-हवेचं प्रमाण बघणाऱ्या) करेक्शन पेट्रोल वाढवतंय कमी करतंय, आणि तेही उशिरा. आयडलवर एक्झॉस्टचा वेग इतका कमी असतो की सिलिंडरमध्ये जे जळालं ते सेन्सरपर्यंत पोचून आकडा दिसायला अर्धा सेकंद सहज जातो. म्हणजे ईसीयू जी चूक दुरुस्त करत होता ती चूक तोपर्यंत होऊन गेलेली, नवीनच काहीतरी चालू झालेलं. दोन माणसं एकाच वेळी स्टेअरिंग ओढत असल्यासारखं झालं होतं ते.

म्हणून सगळी ऑटोमॅटिक दुरुस्ती बंद केली. लॅम्डा करेक्शन बंद, आयडल व्हॉल्व्हचा क्लोज्ड लूप बंद करून व्हॉल्व्ह एका जागी स्थिर, टायमिंग (पिस्टन वर पोचायच्या किती डिग्री आधी ठिणगी पडते ते) फिक्स १० डिग्री. माझं ठाम मत आहे, गाडीची स्लो आधी स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, काठी नंतर द्यायची. काठी देऊन उभं केलेलं इंजिन आजारी आहे की धडधाकट ते कळतच नाही.

टायमिंग फिक्स केल्यावर टायमिंग लाईट लावून बघितली. लॅपटॉप म्हणतो १०, पुलीवरची खूण दाखवते ४. सहा डिग्रीचा फरक! म्हणजे आत्तापर्यंत मॅपमधला प्रत्येक टायमिंगचा आकडा खोटा होता. ईसीयूतला ट्रिगर अँगल (त्या दातांच्या चाकाची जागा) दुरुस्त केला, १० म्हणजे १० आलं. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि ते कोणी केलंच नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण पुढचं सगळं याच्यावर उभं असतं.

मग गाडी थंड होऊ दिली आणि चारही प्लग काढून ओट्यावर रांगेत ठेवले. एक, दोन, तीन काळे, काजळी धरलेले, बोटाला लागणारे. चौथा पांढराफटक, पोर्सेलीन धुतल्यासारखं. भाचा शेजारी बसून बघत होता, तो म्हणाला, "मामा, पण मीटर तर बरोबर दाखवत होतं ना?" बरोबर म्हणजे लॅम्डा १.० च्या आसपास, पेट्रोल ना जास्त ना कमी. इथेच सगळी गोम होती. सेन्सर एक्झॉस्टमध्ये चारही सिलिंडरचा धूर एकत्र झाल्यावर बसलेला, त्याला दिसते ती सरासरी. तीन सिलिंडरात पेट्रोल जास्त, एकात कमी, सरासरी बरोबर. आणि इंजिन लंगडतंय.

एकाच सिलिंडरला जास्तीची हवा कुठून मिळेल? मॅप सेन्सरवर (हा मॅप म्हणजे तक्ता नव्हे, मॅनिफोल्डचं प्रेशर मोजणारा सेन्सर) चालणाऱ्या सिस्टीममध्ये हवा खेचण्याचा हिशोब थोडा वेगळा असतो हे लक्षात घ्या. थ्रॉटलच्या खाली सामाईक जागेत हवा शिरली तर मॅनिफोल्डचं प्रेशर वाढतं, सेन्सरला ते दिसतं, ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो, म्हणून गाडी लीन होत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडत नाही, फक्त रेस वाढते. पण हवा एकाच नळीत शिरली तर ते त्या एकट्या सिलिंडरचं दुखणं, बाकीच्यांना पत्ताच नाही. गाडी चालू करून कार्ब क्लीनरचा स्प्रे बारीक नळीने एकेका सांध्यावर मारत गेलो. चार नंबरच्या इंजेक्टरच्या बुडाशी मारला आणि आवाज बदलला, लगेच, एकदम गोड झाला दोन सेकंद. पुन्हा मारला, पुन्हा तसंच. (गरम एक्झॉस्टपासून लांब मारा हो, पेट घेतं ते.)

इंजेक्टर उपसून बंगमध्ये बोट फिरवलं. वेल्डिंगच्या उष्णतेने भोक अंडाकृती झालेलं, ओ-रिंग एका बाजूला दाबलेली आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढी मोकळी. मॅनिफोल्ड उतरवून सावद्याच्या एका लेथवाल्याकडे नेलं, त्याने चारही बंग रीमरने गोल करून दिले, आम्ही एक माप मोठ्या ओ-रिंग लावल्या. अडॅप्टर प्लेट पण काचेवर ठेवून बघितली, मधे उंच, कडेला फिलर गेजचं पातं सरळ आत जात होतं. ती पण सपाट करून घेतली, नवीन पॅकिंग टाकलं. थंड असताना ती प्लेट बऱ्यापैकी बसायची आणि गरम झाली की फट उघडायची, आणि गरम झाल्यावर रेस चढायची त्याचं कारण हेच.

आता मागचा सगळा प्रकार डोळ्यासमोर आला. गरम झाली की रेस १३०० च्या खाली येईना, आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊनही येईना, म्हणून आधीच्या ट्यूनिंगमध्ये तक्त्यातल्या आयडलच्या घरातलं टायमिंग ६ पर्यंत खाली ओढलेलं, जे खरं तर शून्य होतं. शेजारच्या १२०० आरपीएमच्या घरात मात्र २२ तसंच. याचा परिणाम काय होतो बघा, आरपीएम जरासा वर गेला की टायमिंग वाढतं, टायमिंग वाढलं की ताकद वाढते, ताकद वाढली की आरपीएम अजून वर, आणि खाली येताना बरोबर उलटं. झोका द्यायला माणूस ठेवल्यासारखं. वरून झोके घेत असतानाच ऑटोट्यून (सॉफ्टवेअर स्वतःच आकडे भरतं ते) चालवलेलं, त्यामुळे व्हीई टेबलात (सिलिंडर किती भरतो त्याचा तक्ता) ४० किलोपास्कलच्या ओळीत ७०० ला ३२, ९०० ला ४५, ११०० ला ३८ असे उंचवटे-खड्डे. ऑटोट्यून वाईट नाही, पळत्या गाडीत मी पण वापरतो, पण आयडलवर आणि त्यातून झोके खाणाऱ्या गाडीवर कधीही नाही.

दुसऱ्या रविवारी बसून टेबल हाताने साफ केलं. ५०० ते १३०० आरपीएम आणि ३० ते ५० किलोपास्कलचा पट्टा जवळजवळ सपाट, उतार असलाच तर अगदी हलका. टायमिंग त्या पूर्ण पट्ट्यात १४, कुठेही पायरी नाही. मॅप सेन्सरची नळी एक नंबर सिलिंडरच्या रनरमधून, म्हणजे त्याच्या एकट्याच्या नळीतून, काढलेली होती, तिथे प्रत्येक इनटेकला धक्का बसतो, आकडा ३२ ते ४६ नाचत होता. ती थ्रॉटलच्या खालच्या सामाईक पोकळीत नेली, आकडा ३६-३७ वर शांत बसला. टॅपेट तपासले, फ्युएल प्रेशर गेज लावून ३ बार बघून घेतलं, ते ठीक होतं.

यानंतर थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू. लीक बंद झाल्यावर रेस इतकी पडली की गाडी बंदच पडायला लागली, आणि भावाचा चेहरा उतरला. मी म्हटलं अरे हे चांगलं लक्षण आहे, चोरून येणारी हवा बंद झाली, आता आपण मोजून हवा देऊ. गरम इंजिनवर स्क्रू पाव-पाव फेरा उघडत व्हॉल्व्ह साधारण ३० टक्के उघडा असताना ८५० येईल असं सेट केलं. म्हणजे व्हॉल्व्हला वर जायलाही जागा, खाली यायलाही जागा. स्क्रू हलवला की थ्रॉटल सेन्सरचं शून्य पुन्हा कॅलिब्रेट करायचं, नाहीतर ईसीयूला पाय काढला हेच कळत नाही आणि आयडलचं कंट्रोल चालूच होत नाही. लोकांची अर्धी डोकेदुखी इथे असते.

स्लो बरीच सुधारली पण एक बारीक अडखळ राहिली. कानाला कळायची, टेलपाईपसमोर हात धरला की हाताला कळायची, मधूनच एक फुसका ठोका. इथे इंजेक्टरचा हिशोब मांडला, तो पूर्ण सांगतो कारण हाच विषय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गाडीला ४४० सीसीचे इंजेक्टर होते, स्वस्तात मिळाले म्हणून. ४४० म्हणजे मिनिटाला ४४० सीसी पेट्रोल, मिलिसेकंदाला ०.००७३ सीसी. आता या इंजिनाचा एक सिलिंडर साधारण ३२५ सीसीचा, आयडलवर मॅनिफोल्ड प्रेशर ४० च्या खाली, एका सायकलला त्याला पेट्रोल लागतं अंदाजे ०.००९ सीसी. म्हणजे थेंबाचा अगदी छोटासा भाग. ते द्यायला हा इंजेक्टर उघडा ठेवायचा फक्त १.२ मिलिसेकंद. त्यात सेटिंगमध्ये एका सायकलला दोन वेळा फवारा ठेवलेला, म्हणजे एकेक फवारा ०.६ चा! इंजेक्टरला नुसता उघडायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, तो डेड टाईम वेगळा. आता ०.६ च्या फवाऱ्यात उघडण्या-मिटण्याची वेळ जरा इकडेतिकडे झाली, ०.०६ ने जरी, तरी पेट्रोल १० टक्के कमी-जास्त. आणि इतक्या छोट्या फवाऱ्यात चार इंजेक्टर कधी सारखं देतच नाहीत.

आधी सायकलला एकच फवारा केला, तेवढ्यानेच फरक कानाला कळला. मग भावाला समजावलं की ४४० ची या इंजिनाला गरजच नाही. पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरला तासाला साधारण अर्धा पाउंड पेट्रोल धरतात, त्या हिशोबाने २०० सीसीचे चार इंजेक्टर ८० टक्के ड्युटीवर (म्हणजे ८० टक्के वेळ उघडे) १२० हॉर्सपॉवरच्या वर पुरतात आणि हे इंजिन त्याच्या अर्ध्याच्या आसपासचं. २०० सीसीचे टाकले. आता तोच फवारा १.२ वरून २.७ मिलिसेकंदावर गेला, आणि तो फुसका ठोका गेला. मोठा इंजेक्टर म्हणजे जास्त ताकद हा समज आपल्याकडे फार पक्का आहे, मोठा इंजेक्टर खोटा पडतो तो स्लोवर, पळताना कळत नाही.

लॅम्डाचं सांगायचं राहिलं. आताचं पेट्रोल इथेनॉल २० टक्केवालं, त्याचं पूर्ण जळण्याचं प्रमाण साधारण १३.५ ला येतं, जुन्या पुस्तकातलं १४.७ नाही. म्हणून मीटर लॅम्डावर ठेवायचं, प्रमाणाच्या आकड्यावर नाही. या इंजिनाला ०.९४ वर सगळ्यात गोड वाटलं, १.० वर चालतं पण जरा कोरडं. स्लोला थोडं पेट्रोल जास्त दिलं की एखादा सिलिंडर कमी-जास्त असला तरी खपून जातं.

आता फॅन. फॅन चालू झाला की बंद पडते, ही तक्रार अजून तशीच होती. लॉग लावून फॅन हाताने चालू-बंद करत राहिलो आणि भाच्याला म्हटलं आरपीएम बघू नको, बाकीच्या रेषा बघ. त्यानेच पकडलं. फॅन लागला त्या क्षणी इंजिनचं टेंपरेचर ८८ वरून ८२ झालं. एका क्षणात! पाणी असं सहा डिग्री थंड होत नसतं. तो अर्थिंगचा घोळ होता. ईसीयूची आणि सेन्सरची अर्थ वायर फॅनच्याच अर्थसोबत फायरवॉलवर एका बोल्टला, फॅनने करंट ओढला की त्या बोल्टचं व्होल्टेज सरकायचं आणि सगळे सेन्सर एकदम खोटं बोलायला लागायचे. सेन्सरची अर्थ ईसीयूकडे वेगळी नेली, ईसीयूची अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर, जागा घासून चकचकीत करून. टेंपरेचरची रेष सरळ झाली.

तरी फॅनने व्होल्टेज १४ वरून १२.६ ला येतच होतं, आणि व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उघडायला उशीर, म्हणजे पेट्रोल कमी. डेड टाईमचं व्होल्टेज करेक्शन टेबल आहे ते असंच असतं म्हणून सोडलेलं. हेडलाईट, फॅन, दोन्ही चालू-बंद करत, प्रत्येक व्होल्टेजला लॅम्डा हलणार नाही असं ते सेट केलं. आमच्या इंजेक्टरला १४ ला ०.९ आणि १२ ला १.२ मिलिसेकंद असं बसलं. तुमच्या इंजेक्टरचं वेगळं येईल, आकडा उचलू नका, पद्धत उचला.

एवढं झाल्यावर काठी दिली. आधी आयडल ॲडव्हान्स: ठरलेल्या ८५० पेक्षा आरपीएम १५० ने पडला तर टायमिंग ४ डिग्री वाढव, १५० ने चढला तर ४ कमी कर. टायमिंगचा परिणाम पुढच्याच ठोक्याला होतो, हवेच्या व्हॉल्व्हला वेळ लागतो, म्हणून बारीक सांभाळायचं काम टायमिंगला द्यायचं आणि व्हॉल्व्हला हळू ठेवायचं. व्हॉल्व्हचा क्लोज्ड लूप चालू केला पण अगदी मवाळ. लॅम्डा करेक्शन आयडलवर कायमचं बंद, १५०० च्या वरच चालू. पाय काढल्यावर ईसीयू पेट्रोल बंद करतो तो फ्युएल कट १२०० ला सुटत होता, तो १८०० ला सोडला, त्यामुळे गतिरोधकावर क्लच दाबल्यावर आरपीएम खोल जाणं थांबलं.

तिसऱ्या रविवारी, मे लागला होता, नवीनच. उन्हात ४४ डिग्री. शेतात जाऊन गाडी वीस मिनिटं उभी केली, परत सेल्फ मारला, चालू झाली आणि लगेच कापायला लागली, दोन-तीन मिनिटांनी आपोआप बरी. भाऊ म्हणाला, "झालं, पुन्हा आलं." लॉगमध्ये इनटेक हवेचं तापमान ७१. सेन्सर मॅनिफोल्डच्या धातूत बसवलेला, बंद गाडीत इंजिनची धग चढून तो भाजलेला, हवा खरी असेल पन्नासच्या आत. ईसीयूला वाटतं हवा इतकी गरम म्हणजे विरळ, म्हणून पेट्रोल छाटतो, हिशोबाने सात टक्के जास्तीचं. आपल्या खानदेशच्या उन्हात हे दुखणं जवळपास प्रत्येक कन्व्हर्जनला होणार. सेन्सर काढून एअर फिल्टरच्या डब्यात बसवला आणि ६० च्या वरचं करेक्शन निम्मं केलं. त्याच दुपारी परत वीस मिनिटं उभी करून बघितलं, तीन वेळा. एका सेल्फला चालू, ८५०, जागेवर.

भावाने बोनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

पुढच्या आठवड्यात शहाद्याकडून सातपायरी घाटाने तोरणमाळला नेली, ११०० मीटरच्या वर आहे ते, खाली आमच्याकडे २००-२५०. वर यशवंत तलावाजवळ उभी केली, लॅम्डा ०.९३-०.९५, म्हणजे पेट्रोल मॅप सेन्सरने आपोआप जुळवलेलं. हवा विरळ असल्यामुळे व्हॉल्व्ह मात्र ३० वरून ३८ टक्क्यांवर गेलेला, स्क्रूने ठेवलेली जागा इथे कामाला आली. आरपीएम ८४० ते ८६०.

एकच काम बाकी आहे, थंडीतलं स्टार्टिंग. उन्हाळ्यात वॉर्मअपचं टेबल कमी तापमानाला तपासताच येत नाही, पहाटेसुद्धा इंजिन तेवढं थंड होत नाही. डिसेंबरात फैजपूरला पहाटे दहाच्या खाली जातं तेव्हा रात्री गाडी उघड्यावर लावून सकाळी सहाला लॅपटॉप घेऊन बसायचं ठरलंय, दिवसाला एकच संधी मिळते त्याची, एकदा चालू केली की दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं, म्हणून आठवडाभर तिथेच मुक्काम करणार आहे.